न्यायमूर्ती कोणाच्या मताने बसावा? बाबासाहेबांनी काय पाहिले होते

डहाणू स्टेशनवरून चारोटीकडे निघाले की आशागड लागते. तेथील आदिवासी बांधवाला उच्च न्यायालय कशाला लागते, असा प्रश्न मुंबईतल्या सुखवस्तू माणसाला पडेल. आशागडला तो पडत नाही. १९९१ साली केंद्राने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने प्राधिकरण बसले आणि मुंबई उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले. या प्राधिकरणाने १९९८ साली वाढवण बंदर नाकारले, आणि याच प्राधिकरणाने २०२३ साली ते मंजूर केले. प्रस्ताव नव्याने आला होता हे खरे. पण खुर्चीवरची माणसेही बदलली होती. खुर्चीवर कोण बसतो यावर गावाचे भवितव्य ठरते, हे या तालुक्याला कोणी शिकवायला नको.

मग त्या खुर्चीवर माणूस बसवायचा कोणी? कॉलेजियमच्या बंद दाराआडून आपली माणसे येत नाहीत, तेव्हा न्यायमूर्तींच्या नावांवर लोकांनी निवडून दिलेल्या खासदारांनी मतदान करावे, असा विचार आमच्या चळवळीतही अधूनमधून डोके वर काढतो. संताप रास्त आहे. उपायाबद्दल मात्र बाबासाहेबांचे आयुष्य एकदा उलटून पाहावे, असे आम्हाला वाटते.

१९१३ साली बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. मे १९१६ मध्ये त्यांनी जातिसंस्थेवरचा आपला गाजलेला निबंध तेथे वाचला. त्याच महिन्यात अमेरिकेत एका नेमणुकीवरून रणकंदन चालले होते. राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी लुई ब्रँडाइस यांचे नाव सर्वोच्च न्यायालयासाठी सुचवले होते. ब्रँडाइस ज्यू होते, बड्या भांडवलदारांविरुद्ध खटले लढलेले वकील होते. सिनेटच्या समितीत २४ मे १९१६ रोजी १० विरुद्ध ८ अशी मते पडली आणि ती सरळ पक्षाच्या रेषेवर पडली. १ जूनला सिनेटने ४७ विरुद्ध २२ मतांनी नाव मंजूर केले. सिनेटरांनी त्या माणसाची कायद्याची जाण तोलली की आपल्या पक्षाचा आणि आपल्या देणगीदारांचा हिशेब मांडला, हे वाचकांनीच ठरवावे. बाबासाहेब त्याच जूनमध्ये लंडनला रवाना झाले.

१९२३ साली बॅरिस्टर होऊन ते मुंबई उच्च न्यायालयात वकिली करू लागले. अस्पृश्य वकिलाकडे पक्षकार येईनात, सॉलिसिटर कामे देईनात. १९२७ साली ते मुंबई कायदेमंडळात सरकारनियुक्त सभासद म्हणून दाखल झाले. सरकारने नेमलेला सभासद सरकारच्या बाजूनेच हात वर करणार, असा तेव्हाचा रिवाज. बाबासाहेबांनी पहिल्याच अंदाजपत्रकावर सरकारची खरडपट्टी काढली. पुढे सायमन कमिशनला सहकार्य करणाऱ्या मुंबई प्रांतिक समितीत ते बसले, तेव्हा सहकाऱ्यांच्या अहवालावर सही न करता त्यांनी मे १९२९ मध्ये आपला वेगळा अहवाल दिला. एकट्याने उभे राहण्याची त्यांना सवय होती. सगळे सभासद तसे नसतात, हेही ते पाहत होते.

याच काळात महाडच्या चवदार तळ्याचा खटला चालू होता. सवर्णांनी बाबासाहेब आणि त्यांच्या सहकाऱ्यांना प्रतिवादी केले. डिसेंबर १९२७ मध्ये मनाईहुकूम आला, फेब्रुवारी १९२८ मध्ये तो उठला. १९३१ साली महाडच्या कोर्टाने निकाल अस्पृश्यांच्या बाजूने दिला. त्यावरचे अपील ठाण्याला गेले, म्हणजे तेव्हा डहाणू-तलासरी ज्या जिल्ह्यात होते त्या जिल्ह्याच्या ठिकाणी. १९३३ साली तेथेही सवर्ण हरले. शेवटी मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्या. ब्रूमफील्ड आणि न्या. वाडिया यांनी त्यांचे अपील फेटाळले. अनादी कालापासूनची रूढी सवर्णांना सिद्ध करता आली नव्हती. हे ब्रूमफील्ड म्हणजे १९२२ साली अहमदाबादेत गांधीजींना शिक्षा ठोठावणारेच! त्यांना कोणत्या सभागृहाने मत दिले नव्हते. समजा, १९३७ साली मुंबई विधानसभेत त्यांच्या नावावर मतदान असते आणि निकालपत्र समोर पडलेले असते, तर किती सवर्ण आमदारांनी हात वर केला असता? आपल्या मतदारसंघातल्या पाणवठ्यांची आठवण किती जणांना झाली असती?

ही नुसती कल्पना नव्हे. त्याच १९३७ साली स्वतंत्र मजूर पक्षाचा गट घेऊन बाबासाहेब विधानसभेत विरोधी बाकांवर बसले. त्या गटात शामराव परुळेकर होते, जे पुढे कम्युनिस्ट पक्षात गेले आणि गोदावरीबाईंच्या बरोबरीने १९४५ साली डहाणू-तलासरीच्या वारल्यांच्या उठावात उभे राहिले. त्या गटात राजाराम भोळे होते, जे पुढे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. खोती नष्ट करण्याचे विधेयक बाबासाहेबांनी सप्टेंबर १९३७ मध्ये मांडले. काँग्रेसच्या बहुमताने ते पुढे सरकू दिले नाही. औद्योगिक कलह विधेयकाने कामगारांच्या संपाच्या हक्कावर घाला आला, तेव्हा ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत मोठा संप झाला. बाबासाहेब, परुळेकर, कम्युनिस्ट पुढारी सगळे रस्त्यावर होते. विधेयक मात्र मंजूर झाले. पुणे करारामुळे राखीव जागांवर निवडून आलेले काँग्रेसचे दलित आमदारही त्याच सभागृहात होते. त्यांनाही पक्षाबरोबरच राहावे लागले. संयुक्त मतदारसंघातून आलेला आमच्या समाजाचा माणूस मत देताना कोणाच्या तोंडाकडे पाहतो, हे बाबासाहेबांनी पुस्तकात वाचले नव्हते, रोज समोर पाहिले होते.

हा सगळा अनुभव घेऊन ते संविधान सभेत आले. आधी बंगालमधून, फाळणीनंतर मुंबईतून. २४ मे १९४९ रोजी सर्वोच्च न्यायालयाचे कलम चर्चेला आले. (ब्रँडाइसच्या समितीतील मतदानाला त्या दिवशी बरोबर ३३ वर्षे झाली होती.) सभासदांच्या सूचना तीन प्रकारच्या होत्या. एक, सरन्यायाधीशांची संमती सक्तीची करा. दोन, शिब्बनलाल सक्सेना यांची: संसदेच्या दोनतृतीयांश बहुमताने नेमणूक कायम करा. तीन, प्रा. के. टी. शहा यांची: वरिष्ठ सभागृहाचा सल्ला घ्या. बाबासाहेबांनी एकही मानली नाही. इंग्लंडप्रमाणे सगळे मंत्रिमंडळाच्या हाती देणे धोक्याचे, आणि अमेरिकेप्रमाणे विधिमंडळाच्या मंजुरीवर सोडणे किचकट तर आहेच, शिवाय त्यातून राजकीय दडपण न्यायाधीशाच्या खुर्चीपर्यंत पोचते, असे त्यांचे म्हणणे होते. सरन्यायाधीशही अखेर माणूस आहे, त्यालाही पूर्वग्रह असतात, म्हणून नकाराधिकार त्याच्याही हाती नको. मधला मार्ग त्यांनी काढला: नेमणूक राष्ट्रपतींची, म्हणजे संसदेला जबाबदार असलेल्या मंत्रिमंडळाची, पण जाणकारांशी सल्लामसलत सक्तीची. उच्च न्यायालयासाठी हीच रचना आजच्या कलम २१७ मध्ये आहे.

दोनच वर्षांत त्यांना सभासदांच्या मतांचा आणखी एक कडू घोट घ्यावा लागला. हिंदू कोड बिल. खाजगीत पाठिंबा देणारे सभागृहात गप्प बसले, कारण पहिली सार्वत्रिक निवडणूक तोंडावर आली होती. मोजकी कलमे मंजूर होऊन बिल गुंडाळले गेले. सप्टेंबर १९५१ मध्ये राजीनामा देताना बाबासाहेबांनी काँग्रेसच्या व्हिपवर आणि त्याला आवर न घालणाऱ्या पंतप्रधानांवर स्पष्ट ठपका ठेवला. १९५२ साली मुंबईत आणि १९५४ साली भंडाऱ्यात ते पराभूत झाले. संविधानाच्या शिल्पकाराला मतदारसंघाने नाकारले, आणि राज्यसभेतून ते संसदेत बसले. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

त्यांची भीती खरी होती का? आपल्याकडे खासदार न्यायमूर्तीला नेमत नाहीत, पण काढू शकतात. मे १९९३ मध्ये न्या. व्ही. रामस्वामी यांच्याविरुद्धचा प्रस्ताव लोकसभेत मताला आला. चौकशी समितीने ठपका ठेवलेला. बाजूने १९६ मते, विरोधात शून्य, आणि २०५ जण तटस्थ! काँग्रेस आणि तिच्या मित्रपक्षांचे खासदार एकगठ्ठा बसून राहिले. डहाणू हा तेव्हा आदिवासींसाठी राखीव मतदारसंघ होता, आणि ती जागाही काँग्रेसकडेच होती. पुरावा वाचून २०५ खासदारांचे मत एकाच वेळी तटस्थ झाले, यावर कोण विश्वास ठेवील?

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अमेरिकेच्या सिनेटनेच १९६७ साली थरगूड मार्शल या कृष्णवर्णीय वकिलाला ६९ विरुद्ध ११ मतांनी सर्वोच्च न्यायालयात बसवले. पण त्यामागे रस्त्यावरची नागरी हक्कांची चळवळ आणि कृष्णवर्णीयांच्या हाती आलेली मतपेटी होती. नाव सुचवणारा राष्ट्राध्यक्षही तसा होता.

आणि आमच्याकडे? ऑक्टोबर १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सल्लामसलत म्हणजे संमती असा अर्थ लावला. बाबासाहेबांनी सभागृहात नाकारलेली पहिली सूचना ४४ वर्षांनी निकालपत्रातून परत आली आणि कॉलेजियम जन्माला आले. ज्या ऑगस्ट २०१४ मध्ये पालघर जिल्हा झाला, त्याच महिन्यात न्यायिक नियुक्ती आयोगाची घटनादुरुस्ती लोकसभेत एकही विरोधी मत न पडता मंजूर झाली. ऑक्टोबर २०१५ मध्ये न्यायालयाने ती रद्द केली. त्या वेळी एका बाजूने बाबासाहेबांचे अर्धे भाषण वाचले, दुसऱ्या बाजूने उरलेले अर्धे. २०१० साली सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन निवृत्त झाले, त्यानंतर २०१९ साली न्या. भूषण गवई येईपर्यंत सर्वोच्च न्यायालयात एकही दलित न्यायमूर्ती नव्हता. कॉलेजियमच्या कारभारातलीच ही नऊ वर्षे.

आमची मागणी म्हणून सरळ आहे. नावांची यादी, नावे सुचवण्याची आणि नाकारण्याची कारणे, उमेदवारांचा सामाजिक वर्ग हे सर्व लेखी आणि लोकांसमोर असले पाहिजे. आणि यादीत अनुसूचित जाती, जमातींचा माणूस का नाही याचा जाब मंत्रिमंडळाने संसदेत दिला पाहिजे. जाब विचारणे हे खासदाराचे काम आहे आणि त्याला कोणताही व्हिप आड येत नाही. कलम २१७ मधला सल्लामसलतीचा शब्द बाबासाहेबांनी ठेवला तसाच आहे.