कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि त्यांची माणसे

देवळाच्या उत्सवाची जबाबदारी ज्यांनी कधी अंगावर घेतली असेल, त्यांस ठाऊक आहे की, स्वतः दहा कामे करणे एक वेळ सोपे, परंतु दहा माणसांकडून एकच काम नीट करवून घेणे कठीण. हे कठीण काम ज्यांनी आयुष्यभर केले, त्या कै. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे चरित्र आपणांस परके नाही. त्यांचा जन्म बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे २० जून १८६९ रोजी झाला, आणि त्यांचा पहिला कारखानाही बेळगावातच होता.

वडील काशिनाथपंत वेदान्ताचे व्यासंगी होते. मुलाचे चित्त मात्र चित्रांत व यंत्रांत. चित्रकला शिकण्यासाठी लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले. पुढे आपल्या दृष्टीस काही रंगांचा भेद कळत नाही, असे त्यांच्या ध्यानी आले. तेव्हा रंग सोडून त्यांनी यंत्रांची रेखाटने हाती घेतली, आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक झाले. तेथे बढतीची वेळ आली तेव्हा त्यांस डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली. असा अन्याय सोसलेली पुष्कळ माणसे पुढे अधिकार मिळताच तोच अन्याय हाताखालच्यांवर करतात. लक्ष्मणरावांचे तसे झाले नाही, आणि आम्हांस त्यांच्या चरित्रात हीच गोष्ट सर्वांत मोठी वाटते.

बेळगावात १८८८ पासून बंधू रामूअण्णांच्या साहाय्याने सायकलींचे दुकान चालू होते. त्यातून कडबा कापण्याची यंत्रे आणि मग लोखंडी नांगर निघाले. लोखंडाने जमिनीला विष चढते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. त्यामुळे नांगरांस गिऱ्हाईक मिळावयास दोन वर्षे लागली. जम बसतो न बसतो तोच नगरपालिकेने नव्या वस्तीसाठी कारखान्याची जागा मागितली. औंधचे अधिपती श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे १९०९ साली गादीवर आले होते. त्यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळची ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपये बिनव्याजी कर्जाऊ दिले.

जमीन म्हणजे निवडुंगाचे रान, सापांचा सुळसुळाट. १० मार्च १९१० रोजी लक्ष्मणरावांनी त्या रानात मुक्काम केला. मोजके कामगार व त्यांची बायकामुले बेळगावची वस्ती सोडून त्यांच्याबरोबर आली. पगाराच्या आशेने माणूस कामावर येतो हे खरे. पण आपले बिऱ्हाड सापांच्या रानात नेण्यास पगारापलीकडचा विश्वास लागतो.

त्यांच्या सोबत्यांची नावे त्या संस्थेच्या इतिहासात आदराने घेतली जातात. शंभूराव जांभेकर यंत्रांची बाजू सांभाळीत. मंगेशराव रेगे हिशेबाचे धनी होते. के. के. कुलकर्णी पडेल ते काम पार पाडीत. अनंतराव फाळणीकरांचे शालेय शिक्षण पुरे झालेले नव्हते. अन्यत्र कोणी त्यांस दारातही उभे केले नसते. परंतु यंत्राच्या अंतरंगात शिरण्याची त्यांची बुद्धी लक्ष्मणरावांनी ओळखली व त्यांस मोकळीक दिली. वसाहतीचा संसार रामूअण्णांकडे होता. ज्याचा जो पिंड, त्याला ते काम. बोलावयास सोपे आहे. पण त्यासाठी मालकाला आधी माणूस निरखावा लागतो, आणि एकदा काम सोपविल्यावर आपला हात आवरता घ्यावा लागतो. दुसरी गोष्ट पहिलीहून अवघड.

रात्रीच्या पहाऱ्याची व्यवस्था तर विलक्षणच. आडरानात लोखंड, हत्यारे, बायकामुले असा सारा पसारा, आणि त्याच्या राखणीस तुकाराम रामोशी व पिऱ्या मांग यांसारखी तुरुंग भोगून आलेली माणसे. त्या काळचे सरकार काही जातींकडे जन्मतःच गुन्हेगार म्हणून पाहत असे, हे लक्षात घेतले म्हणजे या निर्णयाचे वजन कळते. केवळ दयाबुद्धीने कोणी आपले सर्वस्व पणाला लावीत नाही. माणसावर खरी जबाबदारी टाकली तर तो तिच्या योग्यतेस चढतो, अशी लक्ष्मणरावांची पक्की धारणा असली पाहिजे. ते दोघे भरवशाचे राखणदार ठरले. वाडीत अस्पृश्यता पाळावयाची नाही, असाही दंडक होता. सनातनी घरात वाढलेल्या गृहस्थाने त्या काळी हे केले, याचे आजही कौतुक वाटते.

१९२० साली किर्लोस्कर बंधूंची मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्र काढले. कारखान्याच्या वार्तांपासून निघालेले ते पत्र पुढे घरोघरी वाचले जाणारे मासिक झाले. चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत यंत्रविद्या शिकून १९२६ साली परतले, आणि उद्योगाच्या शाखा हरिहर, बंगळूर, पुणे येथवर पसरल्या.

१९४८ साली महात्माजींच्या हत्येनंतर जी जाळपोळ झाली, तीत किर्लोस्करवाडीचा कारखानाही आगीच्या भक्ष्यस्थानी पडला. लक्ष्मणरावांचे वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर होते. निवडुंग तोडून जे उभारले, त्याची राख त्यांस पाहावी लागली. कारखाना पुन्हा उभारण्यात आला, यंत्रे पुन्हा फिरू लागली, आणि ते पाहूनच २६ सप्टेंबर १९५६ रोजी त्यांनी देह ठेविला. पुणे-मिरज मार्गावरील ते कुंडल रोड स्टेशन आता किर्लोस्करवाडी या नावाने ओळखले जाते.