फुटलेला आवाज

'रियाज' हा शब्द तुमच्या घरचाच. तो उर्दूतून मराठीत आला आणि मराठी गवयांच्या तोंडी कायमचा बसला. हा रियाज दोनदा, जणू पहिल्यापासून कराव्या लागलेल्या एका गायकाची ही ओळख आहे.

त्यांचे नाव उस्ताद अल्लादियाखाँ. राजस्थानातील उणियारा येथे १८५५ साली त्यांचा जन्म झाला. वडील लवकर वारले. मग चुलते जहांगीरखाँ यांनी त्यांना अनेक वर्षे तालीम दिली. आवाज गोड होता, नावही होऊ लागले.

पुढे ते माळव्यातील आमलाता येथे जहागीरदाराच्या पदरी राहिले. तेथे त्यांना फार गावे लागले. घशावर ताण पडला आणि आवाज फुटला. गवयाचा आवाज जाणे म्हणजे काय, याची तुम्हीच कल्पना करा! बऱ्याच काळाने तो परतला, पण पूर्वीची गोडी आणि लवचीकपणा त्यात नव्हता.

दुसरा कोणी असता, तर त्याने तंबोरा खुंटीला टांगला असता. खाँसाहेबांनी मात्र जड झालेल्या आवाजाला शोभेल अशी गायकी घडवली. लय संथ ठेवली. तानांची वीण गुंतागुंतीची केली. पण ती तालाशी अशी बांधली की एक स्वरही सैल पडू नये. अनवट राग ते सहज गात. हीच गायकी जयपूर-अत्रौली घराण्याची म्हणून प्रसिद्ध झाली.

आपले मलकापूर विदर्भाच्या पश्चिम टोकाला, तर कोल्हापूर महाराष्ट्राच्या दक्षिण टोकाला. त्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी त्यांना दरबारगायक नेमले. १९२२ साली महाराज वारले. त्यानंतर खाँसाहेब मुंबईस गेले. भास्करबुवा बखले, केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर हे त्यांचे शिष्य. शिकवतानाही ते घाई करीत नसत. जागा नेमकी आल्याशिवाय पुढचा धडा नाही. केसरबाईंनी अशी तालीम वर्षानुवर्षे घेतली. त्यांनी गायिलेली भैरवी १९७७ साली 'व्हॉयेजर' यानाबरोबर अंतराळात पाठवली गेली.

१६ मार्च १९४६ रोजी खाँसाहेब मुंबईत वारले. अखेरच्या काळात त्यांनी आपली जीवनकहाणी नातवाला सांगून लिहवून घेतली होती. ती मूळ उर्दूत आहे.