हिरव्या बनातीवरील गणित : ग्युस्ताव्ह कोरिओलिस

बिलियर्ड्सच्या टेबलाशी उभा असलेला कुशल खेळाडू क्षणभर नजर रोखून पाहतो आणि नेमका फटका मारतो. तो कोणतेही समीकरण सोडवीत नाही. वर्षानुवर्षांच्या सरावाने त्याच्या डोळ्यांना कोन कळू लागलेला असतो. परंतु डोळ्यांना जे कळते, त्यामागे काही नियम असतो काय? हा प्रश्न ज्यांनी गांभीर्याने हाताळला, ते फ्रेंच शास्त्रज्ञ म्हणजे गास्पार-ग्युस्ताव्ह कोरिओलिस.

कोरिओलिस यांचा जन्म २१ मे १७९२ रोजी पॅरिस येथे झाला. त्यांचे वडील राजाच्या सैन्यात अधिकारी होते. त्याच वर्षी राज्यक्रांतीत राजसत्ता कोसळली. कुटुंबाने पूर्वेकडील नान्सी या शहरी आश्रय घेतला आणि वडिलांनी तेथे उद्योगधंदा आरंभिला. १८०८ साली कोरिओलिस पॅरिसच्या एकोल पोलितेक्निक या नामवंत संस्थेच्या प्रवेशपरीक्षेत दुसरे आले. पुढे ते रस्ते व पूल बांधणाऱ्या सरकारी खात्यात अभियंता झाले. पण त्यांची प्रकृती नाजूक होती. त्यातच वडील वारले आणि कुटुंबाचा भार त्यांच्यावर पडला. अखेर १८१६ साली त्यांनी एकोल पोलितेक्निकमध्ये साहाय्यक अध्यापकाची जागा स्वीकारली.

बांधकामाचे क्षेत्र सुटले, तरी त्यांचे मन कष्टाच्या जगातच रमले. पाणचक्की किंवा यंत्र किती काम करते, हे मोजायचे कसे? १८२९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी बल आणि त्या बलाच्या दिशेने कापलेले अंतर यांच्या गुणाकाराला ‘कार्य’ ही संज्ञा दिली. विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत ती आजही शिकविली जाते.

१८३५ साली त्यांनी बिलियर्ड्सच्या खेळाचे गणित मांडणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या काळी मँगो नावाच्या नामांकित खेळाडूने काठीच्या टोकाला चामड्याची चकती लावण्याची युक्ती काढली होती. त्यामुळे काठी चेंडूवरून निसटेनाशी झाली आणि चेंडूला हवी तशी फिरकी देता येऊ लागली. पाहणाऱ्यांना ती जादू वाटे. कोरिओलिस यांनी त्या जादूचा हिशेब मांडला.

प्रथम साधी गोष्ट पाहू. एक चेंडू दुसऱ्यावर आदळला, की दुसरा चेंडू दोघांचे मध्यबिंदू जोडणाऱ्या रेषेच्या दिशेने निघतो. म्हणून खेळाडूने लक्ष्य-चेंडूच्या मागे, त्याला चिकटून, एक चेंडू ठेवला आहे अशी कल्पना करावी आणि आपला चेंडू त्या जागी पोहोचवावा. नेम लक्ष्य-चेंडूच्या अगदी कडेवर धरला, तर आपला चेंडू त्याला अर्धा झाकेल अशा रीतीने लागतो आणि लक्ष्य-चेंडू नेमाच्या रेषेपासून ३० अंशांनी वळतो.

मग आपल्या चेंडूचे काय होते? तो फिरकीविना घसरत आला असेल, तर दोन्ही चेंडू जवळजवळ काटकोनात एकमेकांपासून दूर जातात. घरंगळत आला असेल, तर तोही आरंभी त्याच काटकोनातील दिशेने निघतो. परंतु अंगची फिरकी शिल्लक असल्यामुळे बनातीशी घर्षण होऊन त्याची वाट पुढे वळते. हे वळण परवलयाच्या आकाराचे असते, हे कोरिओलिस यांनी सिद्ध केले. वळण संपल्यावर चेंडू पुन्हा सरळ जातो. अर्ध्या चेंडूच्या फटक्यात तो मूळ दिशेपासून सुमारे ३४ अंश दूर गेलेला असतो. वेग कमी असो वा अधिक, हा कोन फारसा बदलत नाही. अनुभवी खेळाडूंच्या हातांना जे ठाऊक होते, त्याचे कारण आता कागदावर आले.

त्याच वर्षी त्यांचा फिरत्या यंत्रांतील गतीविषयीचा निबंध प्रसिद्ध झाला. फिरणाऱ्या चाकावरून पाहिले असता गतिमान वस्तू बाजूला ढकलली गेल्यासारखी वाटते, हे त्यांनी गणिताने मांडले. वाऱ्यांचा विचार त्यांच्या मनात नव्हता. पुढे इतरांनी फिरत्या पृथ्वीला हेच गणित लावले. दक्षिण गोलार्धातून येणारे वारे विषुववृत्त ओलांडल्यावर उजवीकडे वळतात आणि नैऋत्य मोसमी वारे होऊन भारतात पाऊस आणतात. या वळण्यामागे जे कारण आहे, त्याला आज ‘कोरिओलिस परिणाम’ म्हणतात.

१८३६ साली ते फ्रान्सच्या विज्ञान अकादमीचे सदस्य झाले आणि १८३८ साली एकोल पोलितेक्निकचे अध्ययन-संचालक झाले. मात्र प्रकृतीने साथ दिली नाही. १९ सप्टेंबर १८४३ रोजी, वयाच्या ५१ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. आयफेल मनोऱ्यावर कोरलेल्या ७२ नावांत त्यांचे नाव आहे. त्यांचा बिलियर्ड्सवरील ग्रंथ इंग्रजीत यावयास मात्र २००५ साल उजाडावे लागले.

केवळ तो ग्रंथ वाचून कोणी निष्णात खेळाडू होणार नाही. त्यासाठी सरावच हवा. परंतु हाताने मिळविलेले ज्ञानही ज्ञानच असते आणि त्याचे कारण शोधणे हे विद्वानालाही कमीपणाचे नसते, ही शिकवण कोरिओलिस यांच्या जीवनातून मिळते.