पर्किन्सबाईंची यादी

फेब्रुवारी १९३३. अमेरिकेत निवडणूक होऊन गेली होती. फ्रँकलिन रूझवेल्ट भरघोस मतांनी निवडून आले होते आणि शपथविधी काही दिवसांवर आला होता. न्यूयॉर्कच्या त्यांच्या घरी मंत्रिमंडळाची जुळवाजुळव चालली होती. तिथे एक बावन्न वर्षांच्या बाई भेटायला आल्या. हातात एक चिठ्ठी. आपण वाणसामानाची यादी करतो ना, तशीच. पण यादीतलं सामान वेगळं होतं! आठवड्याला चाळीस तास काम, किमान वेतन, बेकारांना भत्ता, म्हाताऱ्यांना पेन्शन, लहान मुलांना कामाला जुंपण्यावर बंदी, आजारपणाचा विमा... मंत्रिपद द्यायचं असेल तर ही सगळी कामं करू द्यावी लागतील, नाहीतर मला पद नको, असं त्यांनी स्पष्टच सांगितलं. रूझवेल्ट कबूल झाले आणि फ्रान्सिस पर्किन्स अमेरिकेच्या मजूरमंत्री झाल्या. तिथल्या केंद्रीय मंत्रिमंडळातली ही पहिली स्त्री.

या यादीची मुळं बावीस वर्षं मागे होती. १८८० साली बोस्टनमध्ये सुखवस्तू घरात जन्मलेल्या फ्रान्सिस कॉलेज शिकल्या, शिकागोच्या गरीब वस्तीत काम करून आल्या, मग न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून १९१० मध्ये एम.ए. झाल्या. २५ मार्च १९११ च्या दुपारी त्या एका मैत्रिणीकडे चहाला गेल्या होत्या. बाहेर आरडाओरडा ऐकू आला म्हणून धावल्या. जवळच ट्रँगल नावाच्या शर्टवेस्ट, म्हणजे बायकांचे ब्लाउज शिवणाऱ्या कारखान्याला आग लागली होती. कारखाना आठव्या, नवव्या आणि दहाव्या मजल्यावर. दाराला कुलूप. बंबाची शिडी जेमतेम सहाव्या मजल्यापर्यंत पोचत होती. पोरी खिडक्यांतून उड्या टाकत होत्या आणि फ्रान्सिस खाली उभ्या राहून बघत होत्या. १४६ जीव गेले. बहुतेक नुकत्याच परदेशातून आलेल्या, पोटासाठी शिवणकाम करणाऱ्या तरुण मुली.

त्यानंतर सरकारी चौकशी समिती बसली. तिच्या कामात फ्रान्सिस हिरिरीने उतरल्या. आमदारांना कागदावर अहवाल दाखवून भागत नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. त्या त्यांना पहाटे कारखान्यांच्या दारात उभं करत. एका आमदाराला तर त्यांनी, आग लागली तर कामगारांनी जिथून निसटायचं त्या भिंतीतल्या भोकातून बर्फाळ शिडीवर उतरायला लावलं! कायदे पटापट झाले, यात नवल काय?

पुरुषांशी वागण्याचाही त्यांनी अभ्यास केला होता. राजकारणातले पुरुष बाईचं म्हणणं कधी ऐकून घेतात? तर तिच्यात त्यांना आपली आई दिसली तर. मग त्यांनी तसाच पेहराव ठरवला. साधा काळा ड्रेस, गळ्यात मोत्यांची माळ, डोक्यावर तिकोनी टोपी. पुरुषांच्या मनाविषयीची निरीक्षणं त्या चक्क एका लाल पाकिटात टिपून ठेवत. मला या बाईचं हे फार आवडलं. रागावून बसण्यापेक्षा नोंदी ठेवल्या.

घरची कथा मात्र कठीण होती. १९१३ मध्ये लग्न केलं, माहेरचं नाव कायम ठेवलं, १९१६ मध्ये मुलगी झाली. काही वर्षांतच नवऱ्याला मानसिक आजार जडला आणि तो पुढे आयुष्यभर राहिला. उपचारांचा खर्च, मुलीचं शिक्षण, सगळं बाईंच्या पगारावर. त्याबद्दल त्या बाहेर चकार शब्द बोलत नसत.

तर अशा बाई मार्च १९३३ मध्ये वॉशिंग्टनला आल्या. परिस्थिती काय होती? चार कामगारांमागे एक बेकार. शपथविधीच्या दिवशी देशभरातल्या बँकांना टाळं. लोकांनी मोठ्या आशेने मतं दिली होती आणि आशेला धीर नसतो! त्यांचं स्वतःचं खातं तर अगदीच गचाळ. टेबलाच्या खणात झुरळं. परदेशातून आलेल्या गरिबांवर धाडी घालून त्यांना छळणारी एक टोळीच खात्यात बसलेली. ती आधी मोडून काढली. म्हणजे नव्या सरकारला पहिली झाडलोट आपल्याच घरात करावी लागली.

दुसरी अडचण न्यायालयाची. काम आणि वेतनाचे नियम सरकारने घालून देणं सर्वोच्च न्यायालयाला पटत नव्हतं. २७ मे १९३५ ला न्यायालयाने रूझवेल्टांचा मोठा उद्योगविषयक कायदा एका फटक्यात रद्द केला. सगळे हबकले, बाई नाहीत. असं होणार हे धरूनच त्यांनी दोन विधेयकं टेबलाच्या खालच्या खणात कुलपात ठेवली होती. एकाचा कायदा १९३६ मध्ये झाला, दुसऱ्याचा १९३८ मध्ये. वाईट दिवसांसाठी डब्यात चार पैसे ठेवणारी बाई कुठल्याही देशात ओळखू येते.

यादीतलं सगळ्यात मोठं काम होतं म्हातारपणाची पेन्शन आणि बेकारी विमा. त्यासाठी १९३४ मध्ये बाईंच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तज्ज्ञ महिनोन् महिने वाद घालत बसले. डिसेंबर उजाडला तरी एकमत नाही. त्याच महिन्यात, जिच्याबरोबर त्या वॉशिंग्टनमध्ये घर करून राहत होत्या ती जिवलग मैत्रीण घोड्यावरून पडून वारली. तरी नाताळच्या आठवड्यात बाईंनी सगळ्यांना घरी बोलावलं, जेवणाच्या टेबलाभोवती बसवलं, मध्ये व्हिस्कीची मोठी बाटली ठेवली आणि काम संपेपर्यंत कुणी उठायचं नाही, असं बजावलं. रात्री उशिरापर्यंत बसून आराखडा झाला! १४ ऑगस्ट १९३५ ला रूझवेल्टांनी कायद्यावर सही केली. त्या दिवशीच्या छायाचित्रात बाई त्यांच्या मागे उभ्या आहेत. नवरा देखरेखीखालून बेपत्ता झाल्याची खबर त्यांना नेमकी त्याच दिवशी मिळाली होती. समारंभ उरकून त्या त्याला शोधायला न्यूयॉर्कला गेल्या.

इथे थोडं थांबायला हवं. बाईंच्या समितीने पेन्शन सगळ्याच कामगारांसाठी सुचवली होती. कायदा होता होता त्यातून शेतमजूर आणि घरकाम करणाऱ्या बायका वगळल्या गेल्या. हिशेब ठेवणं अवघड, असं अर्थखात्याने सांगितलं. दक्षिणेकडच्या खासदारांनाही ते सोयीचंच होतं. तिकडे ही कामं मुख्यतः कृष्णवर्णीयांकडे आणि त्यांच्या हातात पैसा खेळावा असं जमीनदारांना वाटत नव्हतं. त्यांच्या मतांशिवाय कायदा होणं कठीण. १९३८ च्या किमान वेतनाच्या कायद्यातही तेच झालं. तासाला पंचवीस सेंट, कामाचे तास हळूहळू चाळीसवर, सोळा वर्षांखालच्या मुलांना बहुतेक उद्योगांत बंदी. पण शेतमजूर आणि मोलकरणी त्यातही नाहीत.

बाईंनी हे मान्य करायला हवं होतं का? मी घरकामगार बायकांमध्ये काम करते, म्हणून हा प्रश्न मला सोडत नाही. अडून बसल्या असत्या तर कदाचित कुणालाच काही मिळालं नसतं, हे मला कळतं. पण ज्या बाईची मान कायम खाली असते तिलाच थांब म्हणणं सगळ्यात सोपं असतं, हेही मी रोज बघते. अमेरिकेतल्या नियमित काम करणाऱ्या मोलकरणींना पेन्शन १९५० मध्ये मिळाली, तर केंद्राच्या कायद्याचं किमान वेतन थेट १९७४ मध्ये. आपल्याकडेही वेगळं झालं नाही. पर्किन्सबाईंच्याच कोलंबिया विद्यापीठात त्यांच्या मागोमाग शिकायला गेलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूरमंत्री झाले. किमान वेतनाचं विधेयक त्यांनी १९४६ मध्ये मांडलं, कायदा १९४८ मध्ये झाला. त्याच्या यादीत शेतमजूर होते, धुणीभांडी करणाऱ्या नव्हत्या. महाराष्ट्रात घरकामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा व्हायला २००८ उजाडलं.

बाईंना शत्रूही चिकटले. बंदर कामगारांचे ऑस्ट्रेलियात जन्मलेले पुढारी हॅरी ब्रिजेस कम्युनिस्ट आहेत, त्यांना देशाबाहेर काढा, असा गदारोळ उठला. पुराव्याशिवाय आणि न्यायालयाचा निकाल आल्याशिवाय मी कुणाला हाकलणार नाही, यावर बाई ठाम राहिल्या. मग १९३९ मध्ये त्यांच्यावरच महाभियोग आणायचा प्रयत्न झाला! संसदेच्या समितीला त्यात काही तथ्य आढळलं नाही. पण दोन वर्षं वर्तमानपत्रांतून जी चिखलफेक झाली ती झालीच. मंत्रिमंडळातले सहकारीही फारसे मदतीला आले नाहीत.

रूझवेल्टांच्या मृत्यूनंतर, १९४५ मध्ये, बारा वर्षांनी त्या पदावरून उतरल्या. पुढे कॉर्नेल विद्यापीठात शिकवायला लागल्या आणि ऐंशीच्या घरात असताना चक्क मुलांच्या वसतिगृहात खोली घेऊन राहिल्या. १४ मे १९६५ ला त्या गेल्या.

त्या चिठ्ठीतलं आजारपणाच्या विम्याचं कलम त्यांच्या हातून राहून गेलं होतं. डॉक्टरांच्या संघटनेच्या विरोधापुढे १९३५ मध्येच ते बाजूला ठेवावं लागलं. अमेरिकेतल्या वृद्धांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्यावर सही झाली ३० जुलै १९६५ ला. बाई जाऊन अकरा आठवडे झाले होते.