हळदोण्याचा ट्रंपेटवाला

गोव्यातील हळदोणे गावी १९१६ साली जन्मलेला अँटोनिओ झेव्हियर वाझ मुंबईत चिक चॉकलेट या नावाने गाजला. वाद्य ट्रंपेट, दैवत लुई आर्मस्ट्राँग. ताजमहाल हॉटेलात त्याच्या बँडवर बडी मंडळी नाचत. गिरणी कामगाराला तिथे कोण घेणार? पण पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी त्याला आपल्या वाद्यवृंदात आणले आणि १९५१ च्या ‘अलबेला’तून तोच स्विंग चाळीचाळीत पोहोचला. मला ही गोष्ट ताजपेक्षा मोठी वाटते. झालरीच्या बाह्यांतला चिक त्यात पडद्यावरही दिसतो. १९६७ साली तो वारला. तबकडीवर त्याचे वादन तीन मिनिटांत संपते. आमच्या भाईंदरला वरातीतल्या बँडने ‘अलबेला’तली चाल धरली, की नाचणारे दमेपर्यंत ती थांबत नाही.