वाफेचे जहाज बांधणारे अर्देशीर वाडिया

आपल्या अंबडपासून समुद्र फार लांब आहे. मी अजून समुद्र पाहिला नाही. जहाज फक्त चित्रात पाहिलं. पण गुरुजींनी आम्हाला एका जहाज बांधणाऱ्याची माहिती सांगितली. ती मला फार आवडली, म्हणून लिहिते.

अर्देशीर करसेटजी वाडिया यांचा जन्म ६ ऑक्टोबर १८०८ रोजी मुंबईत एका पारशी घराण्यात झाला. त्यांचे पूर्वज सुरतेहून आले होते. ते पिढ्यान्‌पिढ्या लाकडी जहाजे बांधायचे. ती शिडाची जहाजे. वारा पडला की जागच्या जागी उभी राहायची. अर्देशीर १४ व्या वर्षी गोदीत कामाला लागले आणि त्यांना वाफेच्या इंजिनाचा नाद लागला.

वाफेत किती जोर असतो ते आपण चुलीपाशी बघतोच. भाताला आधण आलं की झाकण कसं थडथड उडतं! इंजिनातही तसंच. खाली जाळ, वर पाण्याची टाकी. कोंडलेली वाफ दट्ट्याला ढकलते, दट्ट्या दांडा हलवतो आणि दांडा चाक फिरवतो. मग वारा नसला तरी जहाज चालतं.

१८३३ साली त्यांनी ‘इंडस’ नावाचं ६० टनांचं जहाज पाण्यात सोडलं. १८३४ मध्ये माझगावच्या आपल्या बंगल्यात गॅसचे दिवे लावले. ते बघायला खुद्द गव्हर्नर आले. मुंबईत वाफेच्या पंपाने बागायतीला पाणी देणं ज्यांनी सुरू केलं, त्यांतही ते होते.

१८३९ मध्ये ते जास्त शिकायला इंग्लंडला गेले. १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सभासद करून घेतलं. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. त्यानंतर मुंबईच्या सरकारी वाफेच्या कारखान्याचे ते मुख्य इंजिनिअर झाले. गोरे कामगार त्यांच्या हाताखाली होते. काही इंग्रजांना ते रुचलं नाही. पण अर्देशीर यांनी काम सोडलं नाही. १६ नोव्हेंबर १८७७ रोजी इंग्लंडमध्ये त्यांचं निधन झालं. १९६९ साली भारत सरकारने त्यांचं टपाल तिकीट काढलं.

गुरुजी म्हणाले की, आज श्रीमंतांच्या मोठमोठ्या मोटारबोटी असतात. त्यांत चालायला इंजिन, दिव्यांसाठी जनरेटर आणि तळाचं पाणी बाहेर फेकायला पंप असतो. मला वाटलं, इंजिन, दिवे आणि पंप, या तिन्ही कामांत अर्देशीर यांनी तेव्हाच हात घातला होता.

आमच्या विहिरीवर पण इंजिन आहे. ते बंद पडलं की बाबा आणि दादा खोलतात. मी जवळ गेले की म्हणतात, हे पोरींचं काम नाही, हात काळे होतील. अर्देशीर यांचे हातही काळे झाले असतील ना?

पालकसभेला बाबा येतील आणि हे वाचतील. बाबा, आता इंजिन खोललं की मला पाना धरू द्या.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी