कलामहर्षी बाबूराव पेंटर

घाटापलीकडील कोल्हापूर नगरीत ३ जून १८९० रोजी बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म झाला. शालेय शिक्षण बेताचेच. परंतु कारागिरीचे बाळकडू त्यांना घरातच मिळाले. चुलतबंधू आनंदराव यांच्यासह ते नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवू लागले. त्या पडद्यांची ख्याती एवढी पसरली की, मेस्त्री हे आडनाव मागे पडून दोघेही पेंटर याच नावाने ओळखले जाऊ लागले.

दादासाहेब फाळके यांच्या 'राजा हरिश्चंद्र'ने १९१३ साली नवे युग आरंभिले. आपणही चित्रपट काढावा, या ध्यासाने दोघे बंधू झपाटले. पण परदेशी कॅमेरा घेण्याइतके द्रव्य कोठून आणावे? तेव्हा कॅमेरा स्वतःच घडविण्याचे त्यांनी ठरविले. दुर्दैवाने १९१६ मध्ये आनंदराव निवर्तले. बाबूरावांनी धीर सोडला नाही. दामले यांच्यासारख्या शिष्याच्या साहाय्याने त्यांनी तो कॅमेरा पूर्ण केला व महाराष्ट्र फिल्म कंपनी उभारली. १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आला. तो पाहून लोकमान्य टिळकांनी त्यांना सिनेमा केसरी ही पदवी दिली. १९२३ च्या 'सिंहगड'नेही मोठे यश मिळविले.

देवादिकांच्या व वीरपुरुषांच्या कथांवर कीर्ती व पैसा दोन्ही मिळत असता, १९२५ साली बाबूरावांनी निराळीच वाट धरली. नारायण हरी आपटे यांच्या कथेवरून त्यांनी 'सावकारी पाश' काढला. त्यात ना देव, ना राजा. कर्जापायी जमीन सावकाराच्या घशात गेल्यावर शहर गाठून गिरणीत राबणारा गरीब शेतकरी, हाच त्याचा नायक. ती भूमिका व्ही. शांताराम नावाच्या तरुणाने केली. चित्रपट मूक होता. तथापि शेतकऱ्याचे दुःख सांगावयास त्याला शब्दांची गरज भासली नाही.

परंतु चमत्कारांना सरावलेल्या प्रेक्षकांनी या चित्रपटाला फारसा आश्रय दिला नाही. बाबूरावांना पुन्हा पौराणिक विषयांकडे वळावे लागले. तरीही ती कथा त्यांच्या मनातून गेली नव्हती. १९३६ साली त्यांनी तिचा बोलपट केला. जमीन गमावून परागंदा होणाऱ्या शेतकरी कुटुंबाची कथा सांगणारा जॉन फोर्ड या अमेरिकन दिग्दर्शकाचा चित्रपट १९४० मध्ये आला, तर बिमल रॉय यांचा 'दो बिघा जमीन' १९५३ मध्ये. आमचा कोल्हापूरचा कारागीर त्या वाटेवर कितीतरी आधी चालून गेला होता. त्यांच्या शेतकऱ्याची भूमिका करणाऱ्या शांतारामांनीच पुढे 'कुंकू' (१९३७) व 'माणूस' (१९३९) यांसारखे सामाजिक चित्रपट दिले. शिष्यांच्या रूपाने हे बीज रुजलेले पाहून बाबूराव १६ जानेवारी १९५४ रोजी कालवश झाले.

विद्यार्थिमित्रहो, ही कथा आपल्याला परकी नाही. पेडणे आणि डिचोलीच्या कित्येक घरांतून भाटकार, कूळ व मुंडकार हे शब्द पिढ्यान्‌पिढ्या उच्चारले गेले आहेत. १९६४ चा कूळ कायदा व १९७५ चा मुंडकार कायदा होण्यापूर्वी कसणाऱ्याच्या पायाखालील भूमी किती अस्थिर होती, हे आपल्या आजी-आजोबांना अवश्य विचारा. घरातील एक-चौदाच्या उताऱ्यावर कोणाचे नाव आहे, तेही एकदा पाहून घ्या. त्या कागदामागे जे हाल दडले असतील, ते मोठ्या पडद्यावर मांडण्याचे धैर्य बाबूरावांनी तोटा सोसून दाखविले.